पुस्तकातल्या अकरा कंपन्या आणि आपली डाळमिल

प्रश्न : नमस्कार भाऊ. जळगाव एमआयडीसीत आमची डाळमिल आहे, वडिलांनी सुरू केलेली. मुलगा पुण्याहून एमबीए करून आलाय, हुशार आहे, मेहनतीला मागे हटत नाही. पण येताना पुस्तकांचा ढीग घेऊन आलाय, सगळी परदेशी मॅनेजमेंट सल्लागारांची, आणि रोज जेवताना त्यातलं काहीतरी निघतंच. आता म्हणतो जॉबवर्क बंद करा, दुसऱ्या व्यापाऱ्याची तूर घेऊन डाळ करून देण्यात काही राम नाही, फक्त आपल्या ब्रँडची पॅकिंग डाळ करू. पुस्तकात आहे म्हणे, मोठ्या झालेल्या कंपन्यांनी एकच गोष्ट धरली आणि बाकीच्या सोडून दिल्या. मला त्याचा उत्साह मारायचा नाही, पण पुस्तकात लिहिलंय म्हणून हातातलं गिऱ्हाईक सोडायचं का? अशा पुस्तकाची किंमत करायची तरी कशी? – एक डाळमिलवाले, जळगाव

उत्तर : नमस्कार दादा. तुमचं पत्र वाचून बरं वाटलं, कारण घरात पोरगा वाचतोय आणि बाप विचारतोय, दोघांनीही कान बंद केलेले नाहीत. असं फार कमी घरांत दिसतं, बहुतेक ठिकाणी एकतर पुस्तकं माळ्यावर जातात नाहीतर मिल पुस्तकाच्या मागं जाते.

तो म्हणतो ते बहुतेक 'गुड टू ग्रेट' मधलं असावं, २००१ सालचं जिम कॉलिन्सचं पुस्तक. हा माणूस आधी स्टॅनफर्डला शिकवायचा, मग स्वतःची संशोधनाची जागा काढली. मेहनत प्रचंड केली त्यानं, ते नाकारायचं नाही. १,४३५ कंपन्यांतून गाळत गाळत ११ काढल्या, ज्यांच्या शेअरनं १५ वर्षांत बाजाराच्या कमीत कमी तिप्पट परतावा दिला, आणि त्यांच्या जोडीला त्याच धंद्यातल्या मागं राहिलेल्या कंपन्याही तपासल्या, पाच वर्षं मोठी टीम त्याच्यावर बसली होती. एवढं काम दुसरे सल्लागार करत नाहीत. पण पुढं काय झालं बघा. त्या ११ मधली सर्किट सिटी, म्हणजे टीव्ही-फ्रिज विकणारी दुकानांची मोठी साखळी, २००८ च्या नोव्हेंबरात दिवाळखोरीत गेली. फॅनी मे ही घरकर्जवाली कंपनी त्याच वर्षी सप्टेंबरात अमेरिकन सरकारला ताब्यात घ्यावी लागली. वेल्स फार्गो बँकेत ग्राहकांना न विचारता लाखो खाती उघडल्याचं प्रकरण २०१६ मध्ये बाहेर आलं.

आणि हे एकाच पुस्तकाचं नाही. त्याच्या आधी १९८२ मध्ये मॅकिन्झी या मोठ्या सल्लागार कंपनीच्या दोन सल्लागारांचं, पीटर्स आणि वॉटरमनचं 'इन सर्च ऑफ एक्सलन्स' आलं, ४३ उत्कृष्ट कंपन्या आणि त्यांचे आठ गुण. दोनच वर्षांत, १९८४ ला, बिझनेस वीक मासिकानं कव्हर स्टोरी केली की यातल्या साधारण एक तृतीयांश कंपन्या आता अडचणीत आहेत. व्हिडिओ गेमवाली अटारी त्यातलीच, कॉम्प्युटरवाली वँग लॅबोरेटरीजसुद्धा त्यातलीच, ती १९९२ ला दिवाळखोरीत गेली. एन्रॉन या अमेरिकन वीज-गॅस कंपनीचं तर महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको, दाभोळच्या वीज प्रकल्पामुळं आपल्याकडं पोराटोरांना नाव पाठ झालं होतं. ती कंपनी २ डिसेंबर २००१ ला दिवाळखोरीत गेली, आणि त्याच्या थोडं आधी निघालेल्या सल्लागारांच्या एकापेक्षा जास्त पुस्तकांत तिचं कौतुक आहे, की माणसं कशी निवडावी आणि नवं कसं करावं हे एन्रॉनकडून शिका.

आता मला सांगा, हे लिहिणारे खोटारडे होते का? मला तसं वाटत नाही. चूक पद्धतीत आहे आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण ती एकदा कळली की कुठलंही पुस्तक अर्ध्या तासात जोखता येतं.

यशस्वी कंपनी आधी निवडायची, मग मागं वळून ती काय करत होती ते शोधायचं. पण तेच सगळं करून बुडालेले कुठं आहेत? ते पुस्तकात नसतातच, कारण त्यांच्यापर्यंत मुलाखत घ्यायला कोणी जात नाही. आपल्या अमळनेरचंच घ्या. १९४५ मध्ये तिथं वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, १९६६ ला वडील गेल्यावर २१ वर्षांचे अझीम प्रेमजी अमेरिकेतलं शिक्षण मध्येच सोडून आले आणि त्याच कारखान्याची पुढं विप्रो झाली. अमळनेरात ज्यांच्या घरी जुने शेअर सांभाळून ठेवले गेले त्यांच्या गोष्टी अख्ख्या खान्देशात सांगतात, आणि सांगाव्याच, पण त्यावरून जर कोणी नियम काढला की गावातल्या कंपनीचा शेअर घ्या आणि पन्नास वर्षं विकू नका, तर काय होईल? त्या काळात लोकांनी बाकीच्या किती कंपन्यांचे कागद घेतले आणि ते ट्रंकेत पिवळे पडले, त्यांची गोष्ट लग्नात-बारशात कोणी काढत नाही.

आणि दुसरं, तुमच्या मुलाच्या मुद्द्याशी थेट संबंध आहे म्हणून सांगतो. विप्रो तूप-साबणावरून कॉम्प्युटरवर गेली. एकच गोष्ट धरून बसली नाही. म्हणजे ज्याला 'एकच धरा' सिद्ध करायचंय त्याला तशा विजेत्या कंपन्या सापडतात आणि ज्याला 'नवीन क्षेत्रात उडी मारा' सिद्ध करायचंय त्यालाही सापडतात, दोघांचीही पुस्तकं खपतात. तर पहिली परीक्षा ही करा : पुस्तकातल्या सल्ल्याच्या बरोबर उलटा सल्ला घ्या आणि बघा की तो सिद्ध करायलाही तितक्याच मोठ्या कंपन्या मिळतात का. मिळत असतील तर तो सल्ला नाही, निकाल लागल्यावर दिलेलं स्पष्टीकरण आहे.

याच्याहून खोल एक गोष्ट आहे. १९२० मध्ये एडवर्ड थॉर्नडाइक नावाच्या मानसशास्त्रज्ञानं लष्करी अधिकाऱ्यांनी आपल्या हाताखालच्या लोकांना दिलेले शेरे तपासले, तर दिसलं की ज्याला एका बाबतीत चांगला शेरा त्याला सगळ्याच बाबतीत चांगला, शरीर दणकट तर हुशारीही जास्त, स्वभावही चांगला. एका गुणाची झळाळी बाकी सगळ्यावर पडते. फिल रोझेनझ्वाइग नावाच्या प्राध्यापकानं २००७ ला हेच या धंद्याच्या पुस्तकांना लावून 'द हेलो इफेक्ट' लिहिलं. त्यातलं सिस्कोचं, म्हणजे इंटरनेटची यंत्रं बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीचं, उदाहरण वाचण्यासारखं आहे. मार्च २००० मध्ये ही कंपनी काही काळ जगातली सगळ्यात जास्त बाजारमूल्याची होती, तेव्हा पेपरवाले लिहायचे काय ग्राहकांकडं लक्ष, काय शिस्त, दुसऱ्या कंपन्या विकत घेऊन पचवायची काय हातोटी. वर्षभरात शेअर कोसळला आणि त्याच माणसांबद्दल, त्याच पद्धतींबद्दल लिहून आलं की बेफिकीर होते, ग्राहकांकडं दुर्लक्ष केलं. कंपनी वर्षभरात एवढी बदलत नाही, निकाल बदलला म्हणून बघणाऱ्यांचे डोळे बदलले.

हे रावेर-यावलला दरवर्षी दिसतं. केळीला भाव लागला त्या साली ज्याची कटिंग बरोबर तेव्हा आली तो शेतकरी हुशार, लोक त्याच्या बागेत बघायला जातात, खत काय टाकलं विचारतात. पुढच्या साली त्याच बागेवर त्याच खतात वादळ येतं किंवा भाव पडतो, मग तोच माणूस अतिशहाणा ठरतो. आता कोणी त्या चांगल्या सालच्या मुलाखती जमवून पुस्तक लिहिलं तर त्यात सगळं खरंच लिहिलेलं असेल आणि तरी त्याच्यावर कर्ज काढून बाग लावणं धोक्याचं असेल.

म्हणून पुस्तक हातात घेतल्यावर मी सगळ्यात आधी हे बघतो की 'या कंपनीत संस्कृती चांगली होती, नेतृत्व खंबीर होतं' ही माहिती आली कुठून. कंपनी जिंकल्यावर छापून आलेल्या लेखांतून आणि जिंकलेल्या साहेबांच्या आठवणीतून आली असेल, तर ती निकालाचीच सावली आहे. 'गुड टू ग्रेट' ची टीम एवढी मोठी असून तिथंच अडकली, बरीचशी सामग्री तसल्या लेखांची आणि नंतर घेतलेल्या मुलाखतींची. पुस्तक छापून पाच-दहा वर्षं झाली असतील तर काम आणखी सोपं, त्यातल्या कंपन्यांची नावं कागदावर लिहायची आणि पुस्तक निघाल्यानंतर त्यांचं काय झालं ते मोबाईलवर शोधायचं. हे काम मुलालाच द्या, त्याला आवडेल आणि त्याच्या हातानं सापडलेलं त्याला जास्त पटेल, तुम्ही सांगितलेल्यापेक्षा.

लिहिणाऱ्याचा हेतू पण बघावा लागतो. सल्लागाराला पुस्तकाच्या रॉयल्टीतून फार मिळत नाही, पुस्तक वाचून जे गिऱ्हाईक येतं त्यातून मिळतं. यात गैर काही नाही, डॉक्टरही आरोग्यावर लेख लिहितात. पण त्याचं टोक काय असू शकतं तेही माहीत असावं. १९९५ मध्ये बिझनेस वीकनंच बाहेर काढलं की 'द डिसिप्लिन ऑफ मार्केट लीडर्स' या पुस्तकाच्या १०,००० हून जास्त प्रती लेखकांच्या सल्लागार कंपनीशी संबंधित लोकांनीच देशभरातल्या दुकानांतून उचलल्या होत्या, बेस्टसेलर यादीत नाव चढावं म्हणून. त्यानंतर न्यूयॉर्क टाइम्सच्या यादीत घाऊक खरेदीचा संशय असलेल्या पुस्तकापुढं खूण यायला लागली. तेव्हा कव्हरवरचं 'बेस्टसेलर' बघून पुस्तकाची किंमत करू नका.

एवढं सगळं सांगून मी म्हणणार की फेकून द्या? अजिबात नाही. या पुस्तकांत एक गोष्ट खरंच मोलाची असते, ते विचारायला लावतात ते प्रश्न. हार्वर्डचा प्राध्यापक मायकेल पोर्टर, त्याचं १९८० चं स्ट्रॅटेजीवरचं पुस्तक घ्या. तो सांगतो धंद्याकडं पाच बाजूंनी बघा : आत्ताचे स्पर्धक, नवीन येऊ शकणारे, माल देणारे, माल घेणारे, आणि तुमच्या मालाऐवजी लोक दुसरं काय घेऊ शकतात. त्यानं सहकाऱ्यांबरोबर १९८३ ला काढलेली मॉनिटर नावाची सल्लागार कंपनी स्वतः २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली, हे सांगून लोक त्याला हसतात. मला ते पटत नाही. पाच प्रश्न विचारल्यानं कोणी अमर होत नाही, पण प्रश्न चांगलेच आहेत.

ते तुमच्या मिलला लावून बघा की. तूर खान्देशातून, विदर्भ-मराठवाड्यातून येते आणि वरून म्यानमार, आफ्रिकेतूनही येते, म्हणजे भाव तुमच्या हातात नाही, एका शेतकऱ्याच्याही हातात नाही, आणि सरकारनं २०२३ मध्ये तूर-उडदावर साठ्याची मर्यादा लावली तसं केव्हाही होऊ शकतं. शेड आणि बँकेचं कर्ज असलं की तशीच मशिनरी दुसरा कोणीही टाकू शकतो. माल घेणारा ठोक व्यापारी दहा मिलवाल्यांना फोन करून भाव विचारतो. तूर महागली की घरोघरी मूग-मसूर जास्त शिजते. आता यात जॉबवर्क कुठं बसतं? जॉबवर्कमध्ये तूर दुसऱ्याची, भाव पडला तर त्याचा, तुमची क्विंटलमागची मजुरी ठरलेली. पॅकिंग डाळीत तूर तुमची, पिशवी तुमची, दुकानदाराकडची उधारी तुमची, आणि १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद लेबलवाल्या डाळीवर ५ टक्के जीएसटी आला, सुट्या डाळीला तो लागला नाही. हा फरक कुठल्याच अमेरिकन पुस्तकात सापडणार नाही आणि तुमचा निर्णय मात्र त्याच्यावर आहे.

मुलाच्या ढिगात ती चार चौकोनांची आकृती पण असेल, बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपची, १९७० ची. वाढही कमी आणि बाजारातला हिस्साही कमी असं जे असेल त्याला ते कुत्रा म्हणतात आणि बंद करा म्हणतात. तुमचं जॉबवर्क बरोबर त्या चौकोनात जाऊन पडेल. पण सीझन उतरल्यावर मशिन बंद राहिलं तरी विजेचा डिमांड चार्ज, म्हणजे मंजूर भाराचा ठरलेला आकार, येतो, हमालांना टिकवून ठेवायचं असतं, बँकेचा हप्ता थांबत नाही, आणि तो खर्च जर जॉबवर्क उचलत असेल तर ते बंद केल्यावर सगळा बोजा पॅकिंग डाळीवर येईल आणि मग ती कागदावर दिसत होती तेवढी फायद्याची राहणार नाही. उलटही असू शकतं, बरं का. ऐन सीझनमध्ये जॉबवर्कनं मशिन अडवून तुमचाच माल पडून राहत असेल तर मुलाचं बरोबर आहे.

तर दोन्हींचा हिशेब वेगळा काढा, महिन्यावार. मशिन कोणासाठी किती तास चाललं, वीज किती, उतारा किती पडला, चुनीचे, म्हणजे डाळ करताना निघणाऱ्या चुऱ्याचे, पैसे कोणाच्या खात्यात गेले, पैसे किती दिवसांनी हातात आले. जॉबवर्कमध्ये चुनी कोण ठेवतो यावरच कधीकधी सगळा नफा असतो आणि वह्यांत ते एकत्र लिहिलेलं असतं. मग मुलाला एक सीझन पॅकिंगचं काम पूर्ण स्वतःच्या जबाबदारीवर द्या, जळगाव-भुसावळ-चोपडा एवढ्याच भागात, रक्कम आधी ठरवून, आणि काय झालं तर थांबायचं तेही दोघांनी आधीच लिहून ठेवायचं. आधी लिहिणं फार गरजेचं, कारण निकाल लागल्यावर आपण सगळेच पुस्तकवाल्यांसारखं मागं वळून स्पष्टीकरण देतो. तोपर्यंत जॉबवर्कचं एकही गिऱ्हाईक तोडू नका.

प्रश्न : सर, मी विद्यापीठात एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी स्ट्रॅटेजीची पुस्तकं वाचायची आहेत पण सगळी विकत घेणं परवडत नाही. एक-दोनच घ्यायची तर कुठली? – एक विद्यार्थिनी, जळगाव

उत्तर : ताई, आधी विद्यापीठाच्या ग्रंथालयात बघ, तिथं बरीच सापडतील, विकत घ्यायची घाई करू नकोस. वर सांगितलेलं रोझेनझ्वाइगचं पुस्तक सगळ्यात आधी वाच, म्हणजे बाकीची वाचताना डोळे उघडे राहतील. दुसरं रिचर्ड रुमेल्टचं 'गुड स्ट्रॅटेजी बॅड स्ट्रॅटेजी', २०११ चं. तो सल्लाही देतो आणि शिकवतोही, पण त्याचं मला आवडतं ते हे की तो वाईट स्ट्रॅटेजी कशी ओळखायची यावर मनापासून लिहितो. अडचण नेमकी काय आहे ते ओळखा, तिच्यावर कुठल्या दिशेनं जायचं ते ठरवा, आणि एकमेकांना धरून असलेली कामं करा, एवढंच त्याचं म्हणणं. नुसतं 'आम्हाला नंबर वन व्हायचंय' ही स्ट्रॅटेजी नाही, ती इच्छा आहे. आणि प्रोजेक्टसाठी एक कर, एका कंपनीचे दहा वर्षांचे वार्षिक अहवाल ओळीनं वाच, जुन्यापासून नव्याकडं. ते त्या-त्या वेळी लिहिलेले असतात, पुढं काय होणार ते लिहिणाऱ्याला माहीत नसतं, म्हणून त्यातून जे कळतं ते नंतर लिहिलेल्या पुस्तकातून कळत नाही. कंपन्यांच्या वेबसाइटवर फुकट मिळतात.

प्रश्न : राम राम भाऊ. आमची केळीवाल्या शेतकऱ्यांची प्रोड्युसर कंपनी आहे. एक सल्लागार आले, छान बोलले, सगळ्या संचालकांना स्वतः लिहिलेलं पुस्तक सही करून दिलं, आणि पॅकहाउस (माल धुऊन, निवडून भरायची जागा) आणि कोल्ड स्टोरेजचा प्रोजेक्ट रिपोर्ट करून देतो म्हणतात. निम्मे संचालक म्हणतात ज्यानं पुस्तक लिहिलं तो माणूस पक्का असणार. काय करावं? – एक संचालक, रावेर तालुका

उत्तर : राम राम आबा. पुस्तक लिहिता येणं आणि पॅकहाउस चालवता येणं ही दोन वेगळी कामं आहेत, एकावरून दुसऱ्याचा अंदाज करू नका. पुस्तक दिलंय तर त्याचा उपयोग करून घ्या, त्यातली तीन उदाहरणं निवडा आणि त्यांनाच विचारा की यांचे फोन नंबर द्या, आम्ही बोलतो. शिवाय असं एक काम सांगा म्हणावं जे तुम्ही केलं आणि चाललं नाही, आणि का नाही चाललं. ज्यानं खरंच कामं केलीत तो यावर पुस्तकापेक्षा जास्त चांगलं बोलतो. जो म्हणतो माझं एकही काम फसलं नाही, त्याच्याबरोबर मी तरी सह्या करणार नाही.

मग त्यांना बागेत आणि तुमच्या आत्ताच्या माल भरायच्या जागेवर न्या, टेबलावर बोलू नका. केळी १३ अंशाच्या खाली फार वेळ राहिली की साल काळवंडते, पिकवताना नीट रंग येत नाही, सफरचंदाचं कोल्ड स्टोरेज शून्याच्या आसपास चालतं, तर हा फरक ते स्वतःहून काढतात का बघा. घड उतरवताना खरचटू नये म्हणून काय करणार, फण्या धुवायचं पाणी किती वेळा बदलणार, पिकवायच्या खोल्यांची गरज किती, गाडी किती तासांत भरली पाहिजे, सीएमव्ही या केळीवरच्या विषाणू रोगानं बागा उपटायची पाळी आली त्या साली पॅकहाउस कशावर चालवणार, असं विचारा. रिपोर्टमध्ये भाव कमी-जास्त धरून निदान तीन हिशेब हवेत आणि त्यातल्या एकात तरी कंपनी तोट्यात गेलेली दिसली पाहिजे, नाहीतर रिपोर्ट बँकेला दाखवायला केलाय असं समजा. फी टप्प्यानं द्या, शेवटचा टप्पा पहिली गाडी भरून गेल्यावर, आणि सबसिडी मंजूर करून देतो म्हणून वेगळे पैसे मागितले तर तिथंच थांबा. हे सगळं त्यांनी मान्य केलं तर काम द्यायला माझी काही हरकत नाही.